परळ ते मेरठ: साडेचार वर्षांचा खटला

तालुक्याच्या कोर्टात अकरा वाजले की पट्टेवाला दारात येतो आणि नावांचा पुकारा सुरू होतो. कळंबच्या कोर्टात जा, नाहीतर शेजारच्या भूमला किंवा केजला, आवारातले चित्र फारसे बदलत नाही. मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाभोवती, चहाच्या टपरीशेजारी माणसे कान देऊन उभी असतात. कोणी बांधाच्या भांडणासाठी आलेले असते, कोणी न वटलेल्या धनादेशासाठी, आणि त्यांच्यातच एखादा संघटनेचा कार्यकर्ता असतो. ऊसतोडीचा दर वाढावा, हमालीचे पैसे वेळेवर मिळावेत, अंगणवाडी सेविकांचे मानधन थकू नये, अशा एखाद्या मागणीसाठी तो काही वर्षांपूर्वी रस्त्यावर बसलेला असतो. बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, जमावबंदीचा भंग ही कलमे त्याला तोंडपाठ झालेली असतात. नाव पुकारले की तो आत जाऊन उभा राहतो आणि पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर येतो. कधी पंच आलेला नसतो, कधी तपासी अंमलदाराची बदली झालेली असते. त्या दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे जाते. ज्यांच्यासाठी तो रस्त्यावर बसला होता, ते तोवर बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात पोचलेले असतात.

त्याने गुन्हा केला की नाही हे अजून ठरायचे आहे, पण शिक्षा सुरू झाली आहे. निकालाच्या आधीच भोगावी लागणारी ही शिक्षा हा या प्रकरणाचा विषय आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात ती वारंवार दिसते, आणि आपल्या देशातले तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मेरठ कटाचा खटला. नाव उत्तर प्रदेशातल्या शहराचे असले तरी त्याची मुळे मुंबईच्या परळ-लालबागमध्ये होती, आणि आरोपींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा मराठी माणसांचा होता. त्या काळी कळंब निजामाच्या राज्यात होते. इंग्रजांचा मुलूख बार्शीला सुरू होई. मेरठला जे घडले ते त्या मुलखाच्या कायद्याने घडले, आणि पुढे तोच कायदा स्वतंत्र भारतात आपल्याही वाट्याला आला.

तीन साचे, एक माणूस

१९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे चाळींच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहत. गिरणीतला जॉबर त्यांना कामावर घेई, काढून टाकी, आणि बऱ्याचदा त्यांना कर्जही देई. १९२८ च्या सुरुवातीला काही गिरण्यांच्या मालकांनी कामाची नवी पद्धत आणली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, सूतकताईच्या खात्यात एकाने दोघांचे काम करायचे. मालक याला कार्यक्षमता म्हणत होते. कामगारांना दिसत होते की एका साच्यामागे मिळणारा दर घटणार आणि तीन माणसांतला एक घरी बसणार.

एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. सहा महिने घरात पगार नव्हता. वाण्याची उधारी संपली तेव्हा अनेक कुटुंबे गावाकडे परतली आणि तिथून संपाच्या बातमीची वाट पाहत राहिली. याच संपात, मे १९२८ मध्ये, मुंबई गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष होते अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीत राबलेले. सरचिटणीस होते नाशिक जिल्ह्यातले श्रीपाद अमृत डांगे. गिरणीगिरणीत कामगारांनी निवडलेल्या कमिट्या उभ्या राहिल्या, वर्गणी गोळा होऊ लागली, आणि डिसेंबर १९२८ पर्यंत युनियनच्या सभासदांची संख्या ५४,००० वर गेली. संपाच्या आरंभी ज्यांना शेकड्यांनीही सभासद मिळत नव्हते, त्यांच्यामागे वर्षाअखेरीस गिरणगावातले एक तृतीयांशाहून अधिक कामगार उभे होते.

सरकारला भीती वाटली ती या आकड्याची. संघटनेत शिरलेल्या कम्युनिस्टांचा परदेशाशी संबंध होता, आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेशी पत्रव्यवहार होता, आणि ते आपली मते लपवतही नव्हते. पण डांगे यांनी लेनिनवर पुस्तिका लिहिली १९२१ मध्ये, आणि १९२४ च्या कानपूर खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षाही होऊन गेली होती. मते जुनीच होती. १९२८ मध्ये नवे काय घडले, तर त्या मतांच्या माणसांना दीड लाख कामगारांचा संप सहा महिने टिकवता आला.

२० मार्च १९२९

संपानंतर पाच महिन्यांनी, २० मार्च १९२९ रोजी, मुंबई, पुणे, कलकत्ता, लाहोरपासून संयुक्त प्रांतातल्या लहान शहरांपर्यंत एकाच दिवशी छापे पडले. ३१ जणांना अटक झाली. पुढे लेस्टर हचिन्सन या इंग्रज पत्रकाराला पकडले आणि संख्या ३२ झाली. मुंबईच्या बाजूने डांगे, आळवे, गिरणी कामगार गोविंद कासले, रघुनाथ निंबकर, शांताराम मिरजकर, केशव जोगळेकर, सच्चिदानंद विष्णू घाटे होते. गंगाधर अधिकारी बर्लिनहून रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन जेमतेम तीन महिन्यांपूर्वी परतले होते. पुण्याचे डी. आर. ठेंगडी आरोपींत वयाने ज्येष्ठ. व्यवसायाने इंजिनिअर असलेले ठेंगडी १९२५ मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष होते. झाशीचे लक्ष्मणराव कदमही त्यांत होते. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे दोन इंग्रज गृहस्थ भारतीय कामगारांत काम करत म्हणून पकडले गेले.

आरोप एकच होता. भारतीय दंड संहितेच्या कलम १२१-अ खाली, इंग्लंडच्या बादशहाला हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट. हे कलम नीट वाचले पाहिजे, कारण खटला इतका का लांबला याचे एक कारण त्यातच आहे. कटासाठी प्रत्यक्ष काही कृत्य घडले पाहिजे अशी त्याची अट नाही. माणसांचे एकमत झाले होते एवढे दाखवले की पुरे. मग हे एकमत दाखवायचे कशाने? पत्रांनी, भाषणांनी, पुस्तकांनी, सभेच्या इतिवृत्तांनी. कोणी बाँब फेकला असता तर एक दिवस, एक जागा आणि चार साक्षीदार एवढ्यावर खटला उभा राहिला असता. विचारांचा कट सिद्ध करायचा म्हटल्यावर माणसाने आयुष्यभर लिहिलेला आणि वाचलेला प्रत्येक कागद पुराव्यात येतो.

दुसरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संप पुकारणे हाच कट ठरू नये, यासाठी कायदा नुकताच झाला होता. १९२० च्या सुमाराला मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या वादात न्यायालयाने बी. पी. वाडिया आदी कामगार नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्यानंतर ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ट्रेड युनियनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा आग्रह धरला, आणि १९२६ मध्ये तो कायदा झाला. नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी संघटनेच्या कामासाठी केलेल्या करारावर गुन्हेगारी कटाचे साधे कलम लावता येणार नाही, असे त्याच्या १७ व्या कलमाने सांगितले. सरकारने ते साधे कलम वापरलेच नाही. राजसत्तेविरुद्धच्या कटाचे कलम काढले, आणि त्यापुढे १९२६ चे संरक्षण उपयोगी पडत नव्हते.

मेरठच का?

संप मुंबईत झाला, मोठ्या सभा कलकत्त्याला झाल्या, मग खटला मेरठला का? कागदोपत्री कारण असे की तिथे कामगार-शेतकरी पक्षाची एक परिषद भरली होती. खरे कारण ज्यूरी हे होते. मुंबई किंवा कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात खटला चालला असता तर तो ज्यूरीपुढे चालला असता, आणि शहरातल्या सामान्य प्रतिष्ठित माणसांनी या आरोपींना दोषी ठरवावे याची खात्री सरकारला नव्हती. मेरठच्या सत्र न्यायालयात ज्यूरी नव्हती, पाच असेसर होते. असेसरांनी मत द्यायचे, पण ते न्यायाधीशावर बंधनकारक नाही.

मेरठ निवडल्याने आणखी एक गोष्ट साधली. परळहून मेरठ दीड हजार किलोमीटरच्या आसपास. गिरणी कामगाराला आपला अध्यक्ष कोर्टात पाहायचा असेल तर आठवड्याची रजा आणि महिन्याच्या पगाराएवढे भाडे हवे. बचावाचे साक्षीदार न्यायचे तर तोच खर्च. वकिलांचेही तसेच. सुरुवातीला मुंबईहून के. एफ. नरिमन आणि तरुण बॅरिस्टर एम. सी. छागला गेले, मोतीलाल नेहरूंच्या पुढाकाराने बचाव समिती झाली. पण चार वर्षे मुंबईची वकिली बंद ठेवून परगावी बसणे कोणाला शक्य नव्हते. आरोपींना पुष्कळदा स्वतःच उभे राहून उलटतपासणी घ्यावी लागली.

या अटकांचे पडसाद दिल्लीच्या कायदेमंडळातही उमटले. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तिथे बाँब टाकले, तेव्हा कामगारांच्या संपावर बंधने घालणारे ट्रेड डिस्प्युट्स विधेयक नुकतेच मंजूर झाले होते. सार्वजनिक सुरक्षा विधेयक चर्चेला होते. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी सरकारपुढे पेच ठेवला. या विधेयकाची चर्चा मेरठच्या आरोपांना हात लावल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि ते प्रकरण तर न्यायप्रविष्ट आहे. खटला मागे घ्या, नाहीतर विधेयक थांबवा. सरकारने खटला मागे घेतला नाही.

कागदांचा डोंगर

१२ जून १९२९ रोजी दंडाधिकारी मिल्नर-व्हाइट यांच्यापुढे प्राथमिक चौकशी सुरू झाली. पुढचा हिशेब अलाहाबाद उच्च न्यायालयाने नंतर आपल्या निकालपत्रात मांडला आहे. दंडाधिकाऱ्यांपुढची चौकशी सात महिन्यांहून अधिक चालली. जानेवारी १९३० मध्ये खटला सत्र न्यायाधीश आर. एल. यॉर्क यांच्याकडे गेला. सरकारी पुराव्याला तेरा महिन्यांहून अधिक लागले. आरोपींचे जबाब नोंदवायला दहा महिन्यांहून अधिक. बचावाच्या पुराव्याला सुमारे दोन महिने, युक्तिवादाला साडेचार महिन्यांहून अधिक, आणि युक्तिवाद संपल्यावर निकाल लिहायला पाच महिन्यांहून अधिक. सरकारचे कागद साडेतीन हजारांवर, बचावाचे दीड हजारांवर, साक्षीदार ३२०. पुराव्याचे छापील खंड २५ झाले आणि एकट्या निकालपत्राची मोठ्या आकाराची ६७६ पाने भरली.

या डोंगरात काय होते? दुकानात मिळणारी पुस्तके होती. युनियनची इतिवृत्ते होती. ‘क्रांती’ या मराठी साप्ताहिकातले मजकूर होते, आणि पोलिसांनी टिपून घेतलेली गिरणगावातली भाषणे होती. ही भाषणे मराठी कामगारांपुढे मराठीत झालेली. ती लघुलिपीत टिपायची, मग साध्या अक्षरात उतरवायची, मग इंग्रजीत भाषांतर करायचे, आणि मग कोर्टात त्यावर वाद घालायचा की वक्त्याला नेमके काय म्हणायचे होते. कामगार मैदानात संध्याकाळी तासाभरात बोललेल्या शब्दांवर मेरठला दिवसच्या दिवस जात. सरकारचे मुख्य वकील लँगफर्ड जेम्स यांचे खटला चालू असतानाच निधन झाले आणि दुसरे वकील आणावे लागले. आरोपींपैकी ठेंगडीही निकाल ऐकायला राहिले नाहीत. त्यांच्यावरचा आरोप खरा की खोटा, हे कोणत्याही कोर्टाने कधी सांगितले नाही.

आरोपींनी कोर्टाचा वर्ग केला

डांबून ठेवलेल्या माणसांपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे कमीत कमी बोलून लवकर सुटका करून घेणे. दुसरी म्हणजे कोर्ट ऐकतेच आहे आणि वर्तमानपत्रे छापत आहेत, तर सगळे सांगून टाकणे. बहुतेकांनी दुसरी वाट धरली. अठरा कम्युनिस्ट आरोपींचे एकत्रित निवेदन निंबकरांनी कोर्टापुढे ठेवले. डांग्यांचे निवेदन तर पुस्तकाएवढे मोठे. त्यात त्यांनी गिरण्यांचा नफा, मजुरीचे दर आणि संपाची कारणे तपशिलाने मांडली. आरोपींच्या जबाबांना दहा महिने लागले ते यामुळे. खटला लांबण्यात आरोपींचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्याच्यावर विचारांचा आरोप आहे त्याने विचार सांगायचे नाहीत, तर बचाव कशाचा करायचा?

कोर्टाबाहेरही माणसे ऐकत होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये महात्मा गांधी मेरठच्या तुरुंगात या कैद्यांना भेटून आले. मे १९२९ च्या ब्रिटिश निवडणुकीत शौकत उस्मानी हे आरोपी तुरुंगातूनच उमेदवार म्हणून उभे राहिले, तेही सायमन कमिशनच्या सर जॉन सायमन यांच्या मतदारसंघात. फ्रान्समध्ये रोमाँ रोलाँ यांनी या कैद्यांची बाजू मांडली. मँचेस्टरच्या बाजूला कामगारांच्या एका नाटकमंडळीने ‘मेरठ’ नावाचे छोटे नाटक रस्त्यावर केले. लाकडी दांडे एकमेकांवर तिरपे धरून ते तुरुंगाचे गज उभे करीत आणि गजांमागून बोलत. मुंबईच्या गिरण्यांशी ज्यांच्या गिरण्यांची स्पर्धा होती, त्याच लँकेशायरच्या सूतगिरणी कामगारांपुढे हे नाटक झाले.

जामिनाचा एक निकाल

खटला अर्ध्यावर असताना, १९३१ मध्ये, हचिन्सन यांचा जामीन अर्ज अलाहाबाद उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती मुखर्जी यांनी जामीन देताना मांडलेला विचार आजही वकील कोर्टात वाचून दाखवतात. कायद्याच्या कलमांतून निघणारे तत्त्व असे की जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद, कारण मोकळा असलेला आरोपी आपला बचाव कोठडीतल्या आरोपीपेक्षा नीट करू शकतो. साधी गोष्ट आहे. वकिलाला भेटणे, साक्षीदार शोधणे, कागद मिळवणे ही कामे गजांआडून होत नाहीत.

१९७७ मध्ये राजस्थान विरुद्ध बालचंद या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयातून सांगितले. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना अडकलेल्या कैद्यांचे हाल पाहून, लवकर खटला चालणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. मेरठचे नाव सहसा राजकारणाच्या इतिहासात येते. पण जामिनाच्या कायद्यातही त्याचा एक धागा आहे.

निकाल

१६ जानेवारी १९३३ रोजी यॉर्क यांनी निकाल दिला. २७ जण दोषी, तिघे निर्दोष. मुझफ्फर अहमद यांना जन्मभर काळे पाणी. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि स्प्रॅट यांना १२ वर्षे, मिरजकरांना १०, अधिकारींना ५. आळवे, कासले आणि कदम यांना ३ वर्षे सक्तमजुरी.

अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश शाह मुहम्मद सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांच्यापुढे युक्तिवाद कामकाजाच्या आठ दिवसांत संपला. ३ ऑगस्ट १९३३ रोजी निकाल आला. नऊ जण निर्दोष सुटले, त्यांत आळवे, कासले आणि कदम होते. बाकीच्यांच्या शिक्षा इतक्या कमी झाल्या की काहींना भोगलेली शिक्षाच पुरेशी ठरली, आणि डांगे, मुझफ्फर अहमद व उस्मानी यांना दिलेली तीन वर्षे ही सर्वांत जास्त होती. मतांपायी घडलेल्या राजकीय गुन्ह्यांत कडक शिक्षा दिल्या तर मूळ उद्देशच फसतो, आरोपी आपल्या मतांवर अधिक ठाम होतात आणि त्यांच्यासारखे आणखी तयार होतात, असे न्यायालयाने नोंदवले.

आता आळवे यांचा हिशेब करू. अटक २० मार्च १९२९, निर्दोष सुटका ३ ऑगस्ट १९३३. मधली चार वर्षे, चार महिने आणि चौदा दिवस त्यांच्या डोक्यावर राजसत्तेविरुद्ध कट केल्याचा आरोप होता. शेवटी कायद्याने सांगितले की हा माणूस निर्दोष आहे. पण ती चार वर्षे परत देण्याची सोय कायद्यात नव्हती, आणि आजही नाही.

दरम्यान परळमध्ये

माणसाचा हिशेब असा. संघटनेचा हिशेब याहून मोठा आहे.

अटकांनंतर महिन्याभराने, एप्रिल १९२९ मध्ये, मुंबईत पुन्हा सर्वत्र संप झाला. १९२८ चा संप चालवणारी माणसे मेरठला होती. वाटाघाटी कशा करायच्या, कुठे ताणायचे, कुठे सोडायचे, मालकांच्या कोणत्या गटाशी काय बोलायचे, हे सहा महिन्यांच्या अनुभवातून शिकलेली माणसे एकाच दिवशी उचलली गेली होती. हा संप सप्टेंबरपर्यंत रेंगाळला आणि हरला. चौकशी समितीने दोष युनियनवर ठेवला. कामगार सभासदत्व सोडून गेले, पाठीमागच्या नेत्यांत फूट पडली, आणि जी युनियन ५४,००० ची झाली होती ती काही काळातच पोकळ झाली.

खटल्याची लांबी संघटनेला कशी मोडते ते इथे स्पष्ट दिसते. नेत्याला फाशी झाली तर तो हुतात्मा होतो, लोक त्याच्या नावाने एकत्र येतात. नेता निर्दोष सुटला तर मिरवणूक निघते. पण तारखांमध्ये अडकलेल्या नेत्याबद्दल काय करायचे हे लोकांना समजत नाही. तो असतोही आणि नसतोही. त्याच्या जागी नवा निवडावा तर गद्दारी वाटते, त्याच्यासाठी थांबावे तर काम थांबते. वर्गणीचा पैसा संपफंडातून वकिलाच्या फीकडे वळतो. सभेत मजुरीच्या दराऐवजी कोर्टाची चर्चा होते. निकाल काहीही लागो, तोवर संघटनेची सवय मोडलेली असते.

तरी हकीकत इथे संपत नाही. १९३३ मध्ये सुटलेले लोक परळला परतले, विखुरलेले धागे पुन्हा जोडू लागले, आणि एप्रिल १९३४ मध्ये गिरण्यांत पुन्हा मोठा संप झाला. मिरजकर १९५८ मध्ये मुंबईचे महापौर झाले, डांगे दोनदा मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. पण १९२९ ते १९३४ ही पाच वर्षे गिरणगावच्या एका पिढीच्या हातून गेली ती गेलीच.

घाईचा खटलाही न्याय नव्हे

लांबलेला खटला वाईट म्हणजे झटपट खटला चांगला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर कळंबपासून बार्शीमार्गे गेले की सोलापुरात आहे. मे १९३० मध्ये तिथे लोक उठले, पोलीस ठाणे पेटले, पोलीस मारले गेले, आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि गिरणी कामगारांत वावरणारे, ‘गझनफर’ पत्राचे कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. घटना ते फाशी, अपिलांसकट, सारे आठ महिन्यांत आटोपले. मेरठचा खटला तेव्हा अजून साक्षीपुराव्यातच होता.

एका ठिकाणी आठ महिने, दुसऱ्या ठिकाणी साडेचार वर्षे. दोन्हीकडे वेग ठरवला तो सत्तेच्या सोयीने. आरोपीला बचावाला पुरेसा वेळ मिळावा आणि त्याहून जास्त वेळ त्याचे आयुष्य टांगणीला राहू नये, या दोन्ही मागण्या एकदमच कराव्या लागतात.

आजचा कायदा आणि आजची तारीख

मेरठचे कलम गेले नाही. १२१-अ हे कलम भारतीय न्याय संहितेत १४८ क्रमांकाने आले आहे. खटल्यांची लांबीही गेली नाही. जुलै २०१२ मध्ये हरियाणातल्या मानेसर इथल्या मोटार कारखान्यात हिंसाचार झाला, त्यात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ही घटना गंभीरच होती. १४८ कामगारांवर खटला चालला आणि मार्च २०१७ मध्ये निकाल लागला. ३१ जण दोषी ठरले, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. निर्दोष ठरलेल्यांपैकी अनेकांनी निकालाआधी दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. मेलेल्या माणसाला न्याय मिळायलाच हवा होता. पण तो देण्यासाठी ११७ जणांची ती वर्षे घेण्याची गरज नव्हती.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात कच्च्या कैद्यांसाठी तरतूद आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात गेला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर जामिनावर सोडायचे. ही तरतूद चांगली आहे, पण तिच्यात दोन फटी आहेत आणि कामगार कार्यकर्ता नेमका त्यांतच सापडतो. ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला ती लागू नाही. मेरठचे कलम तसेच आहे, म्हणजे आळव्यांना आजही तिचा उपयोग झाला नसता. दुसरे म्हणजे ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला तिचा लाभ नाही. दहा मोर्चे काढणाऱ्या माणसावर एकच खटला असतो असे कधी घडते का?

तरी हातात काही साधने आहेत. कार्यकर्त्यांनी ती माहीत करून घ्यावीत. किरकोळ गुन्ह्यांत प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहण्यातून सूट मागता येते, वकील हजर राहिला तर चालते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात मोफत कायदेशीर मदतीचा हक्क कोणाकोणाला आहे याची यादी आहे. त्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली माणसे यांच्याबरोबर औद्योगिक कामगारांचेही नाव आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी घेते. मात्र नुसता निर्णय पुरत नाही, सरकारी वकिलाने अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. तो अर्ज झाला की नाही याचा पाठपुरावा संघटनेनेच करायचा असतो.

आणि जामीनदाराचा प्रश्न आहे. कोर्ट जामीन मंजूर करते, पण जामीनदार आणा म्हणते. जामीनदाराला सातबारा लागतो किंवा ऐपतीचा दाखला. फडात उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या, बाजार समितीत पोती वाहणाऱ्या भूमिहीन माणसाच्या ओळखीत असा सातबारा कोणाचा? बहुतेकदा मुकादमाचा किंवा आडत्याचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध मागणी केली त्याचाच. हा पेच माणूस एकटा सोडवू शकत नाही. संघटनेने आधीपासून जामीनदारांची यादी तयार ठेवली तरच तो सुटतो.

मेरठच्या आरोपींकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. त्यांच्यामागे बचाव समिती होती, निधी होता, खटल्याची बातमी बाहेर पोचवणारी माणसे होती, आणि तरीही परळमधले काम चालवणारी दुसरी फळी पुरेशी तयार नव्हती. जी संघटना आपल्या नेत्याची तारीख ही सगळ्यांची तारीख मानते, त्याच्याबरोबर पाळीपाळीने दोन माणसे कोर्टात पाठवते, त्याचा बुडालेला रोज वर्गणीतून भरून देते, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोणालातरी फडावर किंवा यार्डात सभेला उभे करते, तिला तारखांनी मोडणे अवघड आहे.

कळंबच्या कोर्टात आजही अकरा वाजता पुकारा होईल. त्या कार्यकर्त्याचे नाव आले की तो आत जाईल. बाहेर लिंबाच्या सावलीत त्याची वाट पाहणारे कोणी असेल, तर पुढची तारीख त्याला एकट्याच्या खिशात घालून घरी न्यावी लागणार नाही.